बाभळींमधला कटला

खळवाडीतल्या बाकीच्या बायकांचा टीव्ही घरात भिंतीला होता, कडूबाईचा होडीत. निदान गाव तरी तसं म्हणायचं. वीतभर पडदा, त्याला मोटारसायकलची जुनी बॅटरी, आणि होडीच्या कडेवरून पाण्यात सोडलेली वायर, तिच्या टोकाला मुठीएवढी काळी डबी. डबी पाण्यात आवाज सोडते, तो तळाला, झाडाला, माशाला आपटून माघारी येतो आणि त्याचं चित्र पडद्यावर उमटतं, एवढंच विकणाऱ्यानं सांगितलं होतं. पुण्याचा हौशी माणूस होता तो. सुट्टीला धरणावर गळ टाकायला यायचा. त्यानं स्वतःसाठी नवं मशीन घेतलं आणि जुनं कडूबाईच्या नवऱ्याच्या, कल्याणच्या, गळ्यात मारलं.

खळवाडी म्हणजे नेवाशाच्या बाजूला, जायकवाडीच्या फुगवट्याच्या काठावरचं गाव. धरण झालं तेव्हा जुनी खळवाडी पाण्याखाली गेली आणि नवी टेकाडावर बसली. ज्यांची शेतं गेली त्यांना कुठे ना कुठे शेतं मिळाली, ते ऊस लावून मोकळे झाले. भोयांच्या दहा-बारा घरांना पाणी मिळालं. नदीत मासे धरणारे धरणात धरू लागले, एवढाच काय तो फरक. कडूबाई त्यांतल्या एका घरात सून म्हणून आली. आधीची दोन भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी हिचं नाव कडू ठेवलं होतं, की हिच्याकडे तरी कुणाची नजर वळू नये. ती जगली, धडधाकट वाढली, आणि लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून नवऱ्याबरोबर होडीत बसू लागली.

मूल झालं नाही. गावानं काय बोलायचं ते बोलून घेतलं. सासू, भागिरथी, मात्र कधी एका शब्दानं बोलली नाही. एकदा नळावर कुणीतरी बाई कडूबाईला टोचून बोलली, तर म्हातारीनं हंडा तिथंच टेकवला आणि त्या बाईच्या सात पिढ्यांचा असा उद्धार केला की नळ मोकळा झाला. तेव्हापासून कडूबाई सासूला पहिला चहा दिल्याशिवाय स्वतः घोट घ्यायची नाही. दोघी एकमेकींशी फार गोड बोलत होत्या असं नाही. गोड बोलण्याची त्या घराला सवयच नव्हती.

मशीन आलं तेव्हा ते हाताळायचा मान अर्थातच कल्याणचा. पहिल्या आठवड्यात त्यानं पडद्यावर काहीही तांबडं दिसलं की "मासा!" म्हणून आरोळी ठोकली आणि जाळं सोडलं. जाळं कधी दगडात अडकलं, कधी बुडालेल्या झाडात. आता जाळं फाडायचं काम नवऱ्याचं असलं तरी शिवायचं बायकोचं. चार दिवस अंगणात बसून जाळ्याच्या भोकांत सुई घालता घालता कडूबाईचं डोकं फिरलं आणि पाचव्या दिवशी होडीत बसल्याबरोबर तिनं पडदा स्वतःकडे वळवून घेतला. कल्याण रागावला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं दाखवलेल्या जागी जाळ्यात एवढे रोहू आले की रागवायला त्याच्याकडे सवड उरली नाही.

तिला ते कुणी शिकवलं नाही. बघून बघून तिनंच काढलं. होडीखालून मासा सरळ निघून गेला तर पडद्यावर भुवईसारखी कमान उठते. ती त्याला भुवईच म्हणायची. बारकी मासळी थव्यानं असली तर मोहरी सांडल्यासारखे ठिपके पडतात. कडक तळाची रेघ जाड, चिखलाची पातळ आणि धुरकट. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, जे उजव्या कडेला उमटतं तेच आत्ता होडीखाली असतं. डावीकडे सरकलं ते मागं पडलं. कल्याणला हे मरेपर्यंत पटलं नाही. भुवई पडद्याच्या डाव्या बाजूला दिसली की मासा होडीच्या डाव्या बाजूला आहे, असं त्याचं ठाम मत, आणि तो डावीकडे वाकून बघायचा.

"तिकडं काय बघताय? गेला त्यो," ती म्हणायची.

"गेला कसा? हितं तर दिसतोय की."

"दिसतोय म्हंजी हुता."

कल्याण वल्ही मारायचा आणि ती त्याच्यासमोर, मागच्या टोकाला बसायची. मशीनचं तोंड तिच्याकडे, पाठ त्याच्याकडे. त्यामुळे होडीत तिचा शब्द चालायचा, वर घरी आलं की त्याचा. घरी दोघांचं बोलणं मिठाएवढं. होडीत मात्र दिवसभर चालायचं. "वीस फूट." "हाय का?" "न्हाई." "आता?" "थांबा जरा. बावीस. आला, आला. सोडा." एवढ्याच बोलण्यावर त्यांचा संसार वर्षानुवर्षं निभावला, आणि खरं सांगायचं तर गोड बोलणाऱ्या पुष्कळ जोडप्यांपेक्षा बरा निभावला. बाकीच्या होड्याही मग तिला विचारू लागल्या. कडूबाईनं मासा म्हटलं की मासा, दगड म्हटलं की दगड. तिच्या सांगण्यावर पुन्हा डोकं चालवायचं नाही, हा खळवाडीच्या पाण्यावरचा रिवाजच होऊन बसला.

एकाच जागेवरून नवरा-बायकोचं वाजायचं. जुन्या खळवाडीच्या वेशीबाहेर बाभळीचं दाट बन होतं. ते बुडालं तसं उभंच बुडालं. पाणी उतरलं की तिथं पडद्यावर तळापासून उभ्या रेघाच रेघा उठायच्या, शेतात तुराट्या उभ्या राहाव्यात तशा. "बाभळी," कडूबाई म्हणायची, आणि कल्याणनं होडी वळवायची. जाळं एकदा त्या फांद्यांत गेलं की गेलं. कल्याण वळवायचा, पण तोंड वाकडं करून.

"समदे मोठे कटले त्येच्यातच दडून बसल्यात," तो म्हणायचा. "एक दिस बाभळीतला कटला काढून दावतो तुला."

"काढा. जाळं मातुर तुमीच शिवा."

यात तो अगदीच चूक होता असंही नाही. मोठा मासा झाडांच्या आडोशाला राहतो, हे तिलाही माहीत होतं.

यंदा मे महिन्यात कडूबाईच्या भावाच्या मुलीचं लग्न सोनईला निघालं. जायचं दोघांनीही होतं. पण पाणी खूप उतरलं होतं, मासा उरलेल्या पाण्यात गोळा झाला होता, आणि कल्याणचा पाय काही निघेना.

"तू जा. मी सांजच्याला टेम्पोनं येतो जेवायला," तो म्हणाला.

"मशीनला हात लावू नका."

"का? तुज्या माहेरचं हाय का?"

ती हसली नाही. कपाटातली साडी नेसली, सासूला सांगितलं आणि निघाली.

दुपारी पहिली पंगत उठत होती तेव्हा धाकट्या दिराचा, सहादेवचा, फोन आला. मंडपात बॅंड एवढा वाजत होता की तिला दोनदा विचारावं लागलं.

"वहिनी, होडी घावली. दादा न्हाई त्याच्यात."

ती पोहोचली तेव्हा सगळी वस्ती काठावर होती. होडी गवताला लागून डुलत होती. वल्ही जागेवर. कल्याणचा डबा आणि चपला जागेवर. मशीन चालूच होतं आणि काठाजवळच्या दीड फूट पाण्याचं चित्र इमानानं काढत होतं. फक्त जाळं नव्हतं. हातभरही उरलं नव्हतं. म्हणजे सगळं जाळं पाण्यात सोडून झालं होतं, किंवा सोडता सोडता पायाला वेढा बसून माणसासकट गेलं होतं. दुपारी एक वावटळ येऊन गेल्याचं सगळे सांगत होते. वारा पश्चिमेचा, होडी आली ती मोठ्या पाण्याच्या बाजूनं. म्हणून जो तो तिकडे हात करत होता. कडूबाई रिकाम्या होडीकडे बघत राहिली. आपण नसताना कल्याण कुठं गेला असेल, हे त्या काठावर एका तिलाच माहीत होतं. ती बोलली नाही.

बोलली ती वेगळंच. "पोहून गेले असतील पलीकडं," ती म्हणाली. आणि ते अगदी हवेतलं नव्हतं. दोन वर्षांमागं दोघा भावांची कशावरून तरी जुंपली, तेव्हा कल्याण भरल्या पाण्यात उडी टाकून पोहत पलीकडच्या काठाला गेला होता आणि तिथल्या ओळखीच्या घरी राहून, त्यांचाच सदरा घालून परत आला होता. घरानं तेव्हा सुतकासारखं रडून घेतलं होतं आणि मग गावानं आठवडाभर हसून काढलं होतं. या वेळीही पलीकडे फोन झाले. कुणी आलं नव्हतं. तरी ती म्हणत राहिली, येतील, रानातनं चालत येत असतील.

भागिरथी एका दगडावर बसून होती. ती रडत नव्हती. दिवस मावळायला आला तशी तिनं सुनेला जवळ बोलावलं.

"कडू, मला शेंडी लावू नगंस. माजा ल्योक पान्यात हाय."

"न्हाई, आत्याबाई."

"हाय. मी भोयाची बायकू हाय, मला कळतंय." म्हातारीनं तिचा दंड धरला. "जिता न्हाई तर न्हाई. पर त्येचं त्वांड मला बघायचंय. माज्या हातनं त्येच्या तोंडात पानी जाऊ दे. उन्हाळा हाय, दोन दिसांनी माणसाचं काय उरतंय पान्यात? तुज्याबिगर कुनाला घावायचा न्हाई त्यो. तेवढं कर, बाई. बाकी मी तुज्याकडं काय मागत न्हाई."

आणि खरंच, इतक्या वर्षांत तिनं सुनेकडे काहीच मागितलं नव्हतं.

सकाळी फटफटल्याबरोबर कडूबाई सहादेवला घेऊन निघाली. वारा पडला होता. पाणी इतकं गप्प की होडी थांबवली की जिथल्या तिथं राहत होती. वल्ह्यांवर सहादेव, समोर ती, मध्ये मशीन, पाठ त्याच्याकडे. त्याला दिसत होता तो फक्त तिचा चेहरा. आधी तिनं होडी मोठ्या पाण्यात नेली. आडवी, उभी, पुन्हा आडवी. तळ, चिखल, मोहरी, एखादी भुवई. प्रत्येक वेळी काही नाही दिसलं की तिच्या जिवात जीव यायचा. शोधायला निघालेलं माणूस काही सापडलं नाही म्हणून सुखावत होतं. हे आपलं काय चाललंय, हे तिला कळत होतं. सूर्य चांगला वर आला. पलीकडच्या काठावर मेंढरं उतरली. त्यांच्यामागून चालणारं प्रत्येक माणूस तिला कल्याणच्या उंचीचं वाटत होतं.

"वहिनी," सहादेव म्हणाला, "बाभळीकडं एकदा बघू या?"

तिला नाही म्हणता आलं नाही.

बनावर आल्याबरोबर उभ्या रेघा सुरू झाल्या. तळ तीस फूट. शेंडे पंधरा-सोळा फुटांवर. ती पुटपुटत होती, "बाभळ, बाभळ, बाभळ," आणि सहादेव हलक्या हातानं वल्ही मारत होता. मग दोन झाडांच्या मधोमध, शेंड्यांच्या उंचीवर, उजव्या कडेला काहीतरी उमटलं. जाड. तांबडं. झाडाला चिकटलेलं नव्हतं आणि तळालाही नव्हतं. अधांतरी होतं.

"थांबा," ती म्हणाली.

सहादेवनं वल्ही उचलून धरली. होडी थांबली. आता मासा असता तर भुवई पुरी होऊन खाली वळली असती, कारण मासा थांबत नाही. अगदी सुस्त कटला असला तरी तो कल्ले हलवतो, खालीवर होतो, रेघ नागमोडी जाते. ही रेघ सरळ गेली. पडदा डावीकडे सरकत राहिला आणि रेघ उजव्या कडेतून निघतच राहिली. तेवढीच जाड, तेवढीच तांबडी, जरासुद्धा न हलणारी. अर्धा पडदा भरला. मग पूर्ण पडदा भरला. रेघेच्या वर बारीक बारीक ठिपक्यांची माळ होती. जाळ्याच्या वरच्या दोरीला बांधलेली बुचं असतात, त्यांची. ती बुचं तिनंच बांधली होती.

इतकी वर्षं पडदा वाचणाऱ्या बाईला यात न समजण्यासारखं काहीच नव्हतं. तिला समजलं. पण समजणं वेगळं आणि तोंडानं म्हणणं वेगळं. पाण्यावर तिनं जे म्हटलं तेच खरं होत आलं होतं. ती आता जे म्हणेल तेही खरं होणार होतं. पलीकडे मेंढरांमागून ती माणसं चालत होती.

"काय हाय, वहिनी?" सहादेव तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"मासा हाय," कडूबाई म्हणाली.

"येवढा वेळ?"

"मोठा कटला हाय. बाभळीत बसलाय. चला फुडं."

सहादेवनं वल्ही पाण्यात घातली. कडूबाईनं म्हटलं होतं मासा, म्हणजे मासा. रेघ तुटली आणि हळूहळू डावीकडे सरकत पडद्याबाहेर गेली. तिनं त्या रेघेकडे पाहिलंही नाही. हात मात्र तिनं मांड्यांखाली दाबून धरले.

दुपारी नगरहून शोध घेणारं पथक आलं. चांगली माणसं होती, उन्हातान्हात राबली. त्यांच्या मोठ्या बोटीत, दोरांना बांधलेले आकडे घेऊन त्यांनी विचारलं, कुठून सुरुवात करायची. सहादेवनं मोठ्या पाण्याकडे हात केला.

"आन् ती झाडं बुडाल्यात तिकडं?" पथकाच्या म्होरक्यानं विचारलं. गावातल्या कुणीतरी त्याला बनाचं सांगितलं असावं.

"तिकडं झालं बघून. वहिनींनी बघितलंय. मासा हाय तिथं."

म्होरक्यानं कडूबाईकडे पाहिलं. या बाईचं नाव त्याच्याही कानावर आलं असणार. ती मान खाली घालून बसली होती. "व्हय," ती म्हणाली. आकड्यांना झाडांत अडकायचं काही कारण उरलं नाही. बोट मोठ्या पाण्याकडे गेली.

त्यानंतर तिला सांगायला जागा नव्हती असं नाही. जागाच जागा होती. संध्याकाळी बोट परतली तेव्हा सांगता आलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच त्यांच्या बोटीत बसून खोली सांगत होती, तेव्हा सांगता आलं असतं. प्रत्येक वेळी तिच्या जिभेवर यायचं आणि प्रत्येक वेळी तिच्या मनात यायचं, अजून एक दिवस. अजून एक दिवस तो रानातून चालत येऊ दे. माणूस मेलं की एकदाच मरतं, पण त्याला मेलं म्हणायला कुणीतरी तोंड उघडावं लागतं, आणि ते तोंड आपलं नसावं एवढीच तिची धडपड होती. घरी भागिरथी काठाकडे तोंड करून बसलेली. शेजारी तांब्या भरून ठेवलेला, त्यावर फुलपात्र पालथं. सून दिसली की ती फक्त मान वर करायची. कडूबाई मान हलवायची, नाही. म्हातारी तांब्यातलं पाणी ओतून देऊन ताजं भरायची.

चौथ्या दिवशी सकाळी उसाला पाणी देणारा एक माणूस धरणातला पाईप सरकवायला गेला आणि ओरडत माघारी आला. बाभळीच्या बनावर घारी उतरल्या होत्या. जाळ्यासकट वर आलं होतं.

कुणाला बघू दिलं नाही. डॉक्टर काठावरच आले, कनात उभी केली, आणि जे करायचं ते तिथंच झालं. ओळख पटवायला सहादेवला आत नेलं. तो बाहेर आला आणि बाजूला जाऊन ओकला. करदोट्यावरून ओळखलं, एवढंच तो बोलला. मग निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, तीन ठिकाणी दोरीनं आवळून कल्याणला बाहेर आणलं आणि जमिनीवर ठेवलं. सोडायचं नाही, असं हवालदारानं सांगितलं. त्याचं चुकत नव्हतं. सोडून बघण्यासारखं काही नव्हतं.

भागिरथी तांब्या घेऊन आली. बायकांनी तिला धरलं होतं, तिनं त्यांचे हात झटकले. त्या निळ्या बोचक्यापाशी ती उभी राहिली आणि या टोकाकडून त्या टोकाकडे बघत राहिली. दोन्ही टोकं सारखीच होती.

"सहादू," ती म्हणाली, "डोकं कोन्या बाजूला हाय रं?"

सहादेवनं दाखवलं. म्हातारी तिथं गुडघ्यावर बसली आणि तिनं अंदाजानं, जिथं तोंड असावं तिथं, प्लास्टिकवर पाणी सोडलं. ते दोन्हीकडून ओघळून मातीत गेलं. तिनं सगळा तांब्या रिकामा केला.

कडूबाई तिथंच, तीन हातांवर उभी होती.

नंतरच्या दिवसांत गावानं ठरवून टाकलं की मशीननं दगा दिला. लोखंडाला काय कळतं, पुण्याच्या माणसानं भंगार विकलं, असं जो तो म्हणू लागला. सहादेव असल्या बोलण्यात कधी सामील झाला नाही. तो तिच्याकडे बघायचाही नाही. ती रेघ निघत असताना त्यानं तिचा चेहरा पाहिला होता. बायका येऊन कडूबाईला धीर द्यायच्या. तुझा काय दोष, तू तर डोळे फोडून बघितलंस, म्हणायच्या. ती ऐकून घ्यायची. त्या धीरानं तिच्या अंगाची आग व्हायची.

तेरावा झाला, माणसं पांगली. त्या दुपारी घरात दोघीच होत्या. भागिरथी भिंतीला टेकून बसली होती. तिनं सुनेला जवळ ओढलं आणि तिचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेतलं. असं तिनं आजवर कधी केलं नव्हतं. तिच्या केसांतून हात फिरवत ती म्हणाली,

"मनाला लावून घेऊ नगंस. तू काय करशील? मशीन ते. मानूस कोनता आन् मासा कोनता, त्येला काय कळतंय?"

कडूबाई गप्प बसली असती तर तो हात तसाच फिरत राहिला असता. तिला तो हवा होता. जगात आता तेवढंच हवं होतं.

"आत्याबाई, मशीननं बरोबर दावलं हुतं," ती म्हणाली.

हात थांबला.

"पयल्याच दिशी. सकाळी. मला कळलं हुतं."

"मग?"

"मी मासा हाय म्हनलं."

"का?"

"तेच हायेत म्हनलं असतं, तर मेले असते की ते."

बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार टेकाडाखाली गेला. तिचा हात कडूबाईच्या डोक्यावर तसाच ठेवलेला होता, जड, न हलणारा.

"म्हंजी तीन दिस तुजा नवरा जिता ऱ्हायला," भागिरथी शेवटी म्हणाली. "आन् माजा ल्योक पान्यात ऱ्हायला."

मग तिनं हात काढून घेतला, दोन्ही हातांनी सुनेचं डोकं उचलून मांडीवरून जमिनीवर ठेवलं, आणि उठून ती बाहेर गेली.